अकरा महिन्यांचा अशक्तपणा

मी लिहिणारी बाई नाही. आमच्या घरात लिहिण्याबोलण्याचं खातं ह्यांच्याकडे. मी कुंदा, वय त्रेपन्न, राहणार टेमघर. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरची माझी ट्रीटमेंट गेल्या वर्षी संपली, आता तीन-तीन महिन्यांनी ठाण्याला तपासणीला जाते. तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तुम्ही काहीतरी लिहा, नव्याने येणाऱ्या बायका फार घाबरलेल्या असतात, त्यांना धीर येईल. म्हटलं, बघते. धीर येईल की नाही ते मला ठाऊक नाही. जे झालं तेवढं सांगते. त्यातलं डॉक्टरी काही मला कळत नाही, त्यामुळे ते इथे शोधू नका.

आमच्या घरची पद्धत

ह्यांना सगळे सर म्हणतात. हायस्कूलला मराठी शिकवायचे, माझ्या आजारपणातच रिटायर झाले. भिवंडीत कुठे जयंती असो, विहारात कार्यक्रम असो, कुणाचा निरोप समारंभ असो, सर दोन शब्द बोलणार हे ठरलेलं. हातात कागद नाही, समोर पाणी नाही, तासभर बोलतील. स्त्रीमुक्ती हा ह्यांचा आवडता विषय. त्या भाषणांना जाताना घालायचे शर्ट मी इस्त्री करत होते आणि खरं सांगते, मला फार अभिमान वाटायचा. पहिल्या रांगेत कधी बसले नाही, पण तिसऱ्या रांगेत बसून आजूबाजूला बघायचे, कोण कसं ऐकतंय ते.

आमच्या घरात आजारपणसुद्धा हेच सांगायचे. म्हणजे कसं, आमच्या डॉक्टरांचा दवाखाना ह्यांच्या शाळेच्या वाटेवर. मला ताप आला, खोकला झाला, पाय सुजले, की सकाळी मी ह्यांना सांगायचं आणि संध्याकाळी येताना हे औषध घेऊन यायचे. डॉक्टर ह्यांचे जुने स्नेही. सरांनी सांगितलं म्हणजे बघायला काय हवं? गोळ्या कागदात बांधून मिळायच्या, सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली ते हे पेनने लिहून द्यायचे. माझा खोकला हे असा वर्णन करून सांगायचे, की तेवढा चांगला मला खोकताही येत नसे.

तीस वर्षांत मी त्या दवाखान्याच्या बाकावर फार तर चार वेळा बसले असेन, तेही सुजाताच्या, माझ्या मुलीच्या, लहानपणी. मी आजूबाजूच्या बायकांना सांगायचे, आमच्याकडे मला पायरी उतरावी लागत नाही. केवढा तो तोरा!

पहिला डाग

पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं. सुटले एकदाची, असं मनाशी म्हणून कपाटातले जुने कपडे टाकूनही दिले होते. एक दिवस सकाळी परकराला डाग दिसला. आदल्या दिवशी आमची जवळीक झाली होती, वाटलं त्यानेच असेल. पण चार दिवसांनी परत दिसला.

ते मी ह्यांना त्याच सकाळी सांगितलं. हे मला नीट लिहू द्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. हे खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हाताला कणीक होती. मी म्हटलं, "अहो, मला परत अंगावरून जायला लागलंय. लाल जातंय. डॉक्टरांना सांगाल का?" ह्यांनी वर बघितलं नाही. दुसऱ्या बुटाची नाडी बांधली आणि म्हणाले, "सांगतो."

संध्याकाळी लाल गोळ्या आल्या, पांढऱ्या आल्या, एक बाटली आली. विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? म्हणाले, अशक्तपणा आहे, पालेभाजी खा, धावपळ कमी कर.

मी पालेभाजी खाल्ली. पुढच्या महिन्यात परत सांगितलं, परत गोळ्या. त्याच्या पुढच्या महिन्यात कंबर धरली, तेही सांगितलं, एक गोळी वाढली. असे अकरा महिने गेले. मधल्या काळात वास यायला लागला. मी दिवसातून दोनदा अंघोळ करायचे, अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं, पंख्याचं वारं सोसत नाही असं सांगितलं. ह्यांनी का म्हणून विचारलं नाही.

लोक म्हणतात, तू स्वतः का गेली नाहीस? सगळे हाच प्रश्न विचारतात आणि विचारताना मान अशी हलवतात, की मी चोरीच केली. अहो, मी सांगितलं होतं ना! माझ्या लेखी डॉक्टरांना सगळं माहीत होतं. माहीत असून ते अशक्तपणा म्हणतायत म्हणजे तोच असणार. आणि आपण उठून परत जायचं म्हणजे ह्यांच्यावर विश्वास नाही असं झालं असतं. तेवढं मला जमलं नसतं. आणि खरं सांगायचं तर मनात कुठेतरी भीतीही होती, अशक्तपणा हा शब्द मला बरा वाटत होता.

ताईची चटई

माझी मोठी बहीण दिघाशीला दिलेली. तिच्या नातवाचं नाव ठेवायचं होतं म्हणून गेले होते. जेवणं झाली, बायका बसल्या होत्या, मी उठायला गेले आणि बघते तर खाली चटईवर एवढं मोठं लाल. ताईने आधी बघितलं. तिने काही न बोलता अंगावरची शाल माझ्या कमरेला गुंडाळली, मला मागच्या खोलीत नेलं आणि कडी घातली.

मी म्हटलं, ताई, काही नाही गं, अशक्तपणा आहे, औषध चालू आहे.

"कुंदे," ताई म्हणाली, "ह्याला अशक्तपणा म्हनत न्हाईत. ऊठ. आत्ताच्या आत्ता चल."

ताई चौथी शिकलीय. तिने सुनेच्या हातात घर सोडलं, रिक्षा बोलावली आणि मला भिवंडीत एका लेडी डॉक्टरकडे नेलं. तिथेही बोलली ताईच. त्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी लगेच ठाण्याला चिठ्ठी दिली. तिथे तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवस जीव टांगणीला होता. हे रोज सकाळी मला म्हणायचे, काही निघणार नाही, बघ तू.

तो दिवस

रिपोर्टच्या दिवशी आम्ही दोघं मॅडमसमोर बसलो. ह्यांच्या मांडीवर जुन्या कागदांची पिशवी होती. हे नेहमीच्या सवयीने बोलायला लागले, मॅडम, हिला गेल्या वर्षभरापासून... मॅडमनी हात वर केला आणि म्हणाल्या, सर, त्यांना बोलू द्या. माझ्याकडे बघून हसल्या. मला काही बोलताच येईना. इतक्या वर्षांत मला कुठल्या डॉक्टरने काय होतंय असं विचारलंच नव्हतं, सुरुवात कुठून करायची तेच कळेना.

मग त्यांनी सांगितलं. कॅन्सर आहे, वाढलेला आहे. ऑपरेशनची वेळ गेलीय, रेडिएशनचे शेक द्यावे लागतील आणि सोबत सलाईनमधून औषध. मी त्यांच्या टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत होते. त्यात पिना नव्हत्या, झाकण उघडंच राहिलं होतं.

मॅडम पिशवीतली दवाखान्याची कार्डं चाळत होत्या. चाळता चाळता थांबल्या. म्हणाल्या, "इथे तर प्रत्येक कार्डावर अशक्तपणा लिहिलाय. रक्त जातंय हे एकाही कार्डावर नाही. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना सांगितलं नव्हतं?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या टेलिफोन नंबरांच्या यादीकडे बघत होते. कान लालबुंद झाले होते. त्या क्षणी मला सगळं कळलं. अकरा वेळा मी सांगितलं आणि अकरा वेळा ह्यांनी ते गिळून टाकलं, मधल्या मध्ये.

मी म्हटलं, "नाही मॅडम. मीच सांगितलं नाही. लाज वाटली."

हे मध्ये बोलतील असं मला वाटलं. मी थांबलेही. मॅडमनी लिहायला घेतलं, पान उलटलं, तरी हे बोलले नाहीत. मॅडम रागावल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, वर्षभर आधी आला असतात तर छोट्याशा ऑपरेशनवर भागलं असतं हो. ते वाक्य अजून कानातून जात नाही.

बाहेर आल्यावर ह्यांनी मला शहाळं घेऊन दिलं. शहाळं स्वतः धरलं आणि नळी माझ्या तोंडाशी नेली. मी प्याले.

अंगावर काढणारी बाई

त्या दिवसापासून मी दुखणं लपवणारी बाई झाले. सुजाता पुण्याहून धावत आली. बँकेत नोकरी करते, चांगली सडेतोड आहे. गळ्यात पडून रडली आणि मग माझ्यावरच भडकली, बारावी शिकलेली बाई तू, अकरा महिने अंगावर काढलंस? पप्पांना तरी सांगायचंस! पप्पा शेजारी उभे राहून पाण्याचा ग्लास धरत होते. ताईनेही विचारलं, तोंड शिवलं व्हतं का तुझं? शेजारणी यायच्या, फळं ठेवायच्या आणि जाता जाता त्यांच्या सुनांना सांगायच्या, बघ, असं लपवून ठेवू नये कधी.

मी सगळं ऐकून घेतलं. एकदा खोटं बोलल्यावर परत फिरायचं कसं, ते मला कळत नव्हतं.

आणि फिरायचं तरी कुणासमोर? ह्यांची सेवा बघायला पाहिजे होती. पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार शेक, हे एक दिवस चुकले नाहीत. मुगाची खिचडी करायला शिकले, ताक घुसळायला शिकले. शेकांनी पोट इतकं बिघडलं, की कधी कधी बाथरूमपर्यंत पोचता यायचं नाही. माझे ते कपडे हे धुवायचे. कामवाल्या बाईला हात लावू दिला नाही. ज्या डागाचं नाव ह्यांना तोंडातून काढता आलं नाही, तो डाग हे साबण लावून चोळत बसायचे आणि मी आतून बादलीचा आवाज ऐकायचे. सांगा, अशा माणसाशी भांडायचं कसं? शेजारीण म्हणायची, नशीब काढलंस गं कुंदा. मी हो म्हणायचे. रागही यायचा आणि ह्यांच्या वाकलेल्या पाठीकडे बघून जीवही तुटायचा. दोन्ही एकदम.

पाणी पिऊन बसायच्या बायका

शेकाच्या दिवसांबद्दल थोडं सांगते, कारण ज्या बायकांसाठी लिहितेय त्यांना ते हवं असेल. शेक दुखत नाही. पाच-दहा मिनिटं मशीनखाली पडून राहायचं, संपलं. त्याआधीचं कठीण. लघवीला जाऊन यायचं, मग मोजून पाणी प्यायचं आणि तासभर रोखून बसायचं. तुमचा नंबर आला की मशीन बंद पडणार हे धरून चाला. बाकावर आम्ही आठ-दहा जणी पाय आवळून बसायचो आणि एकमेकींना हसवू नका गं म्हणून हसायचो. पोटावर शाईच्या खुणा करतात, त्या पुसायच्या नाहीत. माझे केस गेले नाहीत, विरळ झाले एवढंच. त्यामुळे बऱ्याच जणांना मला कॅन्सर आहे हे पटायचंच नाही.

सगळ्यात भीती मला रस्त्याची वाटायची. अंजूरफाट्याचे खड्डे आणि गोडाऊनचे कंटेनर! आमच्या आळीतला इक्बाल आधी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता, लूम बंद पडला म्हणून रिक्षा चालवतो. त्याने माझ्यासाठी सीटवर चौघडी केलेली गोधडी घातली. खड्डा आला की आधी सांगायचा, चाची, पकड के बैठो. पाच आठवडे त्याने एकदाही जोरात ब्रेक मारला नाही. अशी माणसं भेटतात, त्यांच्यावर भरवसा ठेवा.

त्या बाकावरच रेश्मा भेटली. शांतीनगरची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, नवरा मास्टर होता लूमवर. आडपडदा नाही बाईला. हे बाहेर चहाला गेले होते, तिने सरळ विचारलं, आपको कबसे जा रहा था? म्हटलं, ग्यारह महीने. ती म्हणाली, या अल्ला, किसी को बताया नहीं?

मी म्हटलं, "बताया था. शुरू में ही बताया था. इन्होंने डॉक्टर को नहीं बताया."

पहिल्यांदा मी ते खरं बोलले आणि बोलले ते हिंदीत, अनोळखी बाईपाशी. मराठीत ते वाक्य मला जमत नव्हतं. रेश्माने माझा हात धरला आणि माझा नंबर येईपर्यंत सोडला नाही.

शेवटी आतून तीन शेक दिले. ते मात्र दुखतं, खोटं कशाला सांगू. आधी इंजेक्शन मागून घ्या, लाजू नका. ते झाल्यावर मॅडमनी मला नवरा-बायकोच्या संबंधाबद्दल समजावून सांगायला घेतलं, आत जागा आवळत जाते, काय काळजी घ्यायची वगैरे. हे त्यावेळी पटकन उठले आणि फोन आलाय म्हणून बाहेर गेले. फोन वाजला नव्हता. मॅडमनी बघितलं, मी बघितलं. त्या दिवसापासून आमच्यात ते सगळं संपलं, आणि संपल्याबद्दल एक शब्दही झाला नाही.

टाळ्या

ट्रीटमेंट संपून चार महिने झाले होते. विहारात पौर्णिमेला वंदनेनंतर बायकांच्या आरोग्यावर कार्यक्रम ठेवला होता. बोलणार अर्थातच सर. मी बऱ्याच दिवसांनी पांढरी साडी नेसून बाहेर पडले होते, तिसऱ्या रांगेत बसले. बायका मागे वळून माझ्याकडे बघून हसत होत्या, बरं वाटत होतं.

हे छान बोलत होते. बोलता बोलता थांबले, माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, "माझ्याच घरातलं उदाहरण देतो. माझी पत्नी अकरा महिने दुखणं लपवत राहिली. मला सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती. भगिनींनो, तुमचं हे मौन तुम्हाला मारतं. ते तोडा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप गेले. दोन टाळ्या वाजवून झाल्यावर मला कळलं, मी काय करतेय ते.

घरी आल्यावर हे शर्ट काढत होते. मी विचारलं, अहो, तुम्ही कधी डॉक्टरांना सांगितलं होतं का, मला अंगावरून जातं म्हणून? हे म्हणाले, तूच ना म्हणालीस मॅडमना, की मी सांगितलं नाही. मी म्हटलं, मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही बूट घालत होतात.

"मला नाही आठवत, कुंदा," हे म्हणाले. "थकवा येतो म्हणाली होतीस, एवढं आठवतं."

तीस वर्षांत ह्यांचं खोटं मला लगेच ओळखू यायचं. नाकाजवळ जरा ओढल्यासारखं होतं. त्या दिवशी तसं काही दिसलं नाही. हे खरंच विसरले होते, किंवा माझं खोटं ह्यांना इतकं सोयीचं पडलं होतं की ते आता ह्यांचंही झालं होतं. जगात दोन माणसांना ती सकाळ माहीत होती, त्यातलं एक नाही म्हणत होतं. दोन दिवस मी विचार करत राहिले, मी खरंच सांगितलं होतं ना? का मनातल्या मनातच बोलले? कॅन्सर कळला त्या दिवशीही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

बाकावर

तिसऱ्या दिवशी उठले, साडी बदलली आणि दवाखान्यात गेले. एकटी. बाकावर सहा-सात माणसं होती, मी नंबर लावून बसले. आत गेल्यावर डॉक्टर चकितच झाले. अहो वहिनी, तुम्ही स्वतः? सर कुठेत? तिथे दार नाही, पातळ पडदा आहे, बाहेरचं सगळं आत आणि आतलं बाहेर ऐकू जातं. मला ते माहीत होतं. मी आवाज खाली केला नाही.

मी विचारलं, "सरांनी तुम्हाला कधी सांगितलं होतं का, मला अंगावरून रक्त जातंय म्हणून?"

बाहेर बाकावर कोणीतरी बोलत होतं ते थांबलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, एकदाही नाही, वहिनी. मी त्यांना म्हणायचो, एकदा त्यांना घेऊन या, बघतो. ते म्हणायचे, तिला सवड नसते. मग म्हणाले, न बघता औषध दिलं ही माझीही चूक आहे, मला झोप लागत नाही. म्हातारा माणूस, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मी नमस्कार केला आणि निघाले. मला वेड लागलेलं नव्हतं, एवढं मला हवं होतं.

घरी हे भाजी निवडत बसले होते. मी समोर बसले आणि डॉक्टर काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. हे बराच वेळ देठ मोडत राहिले. मग बोलले. पहिल्या दिवशी बाकावर शाळेतली दोन मुलं बसली होती, आईबरोबर. पडद्याच्या आतून तो शब्द बाहेर गेला असता. जीभच उचलली नाही. म्हटलं, पुढच्या वेळी सांगू, तोवर थांबेलही. पुढच्या महिन्यात मागच्या वेळी सांगितलं नाही हे कसं सांगायचं म्हणून नाही सांगितलं. मग दर महिन्याला ते आणखी अवघड होत गेलं. आणि मॅडमसमोर तू तसं बोललीस तेव्हा, हे म्हणाले, मला सुटल्यासारखं वाटलं, कुंदा.

आणि हे रडायला लागले. भाजीच्या ताटावर वाकून, मोठ्याने. मी ह्यांना सासरे गेले तेव्हाच असं रडताना पाहिलं होतं. माझा हात उठला पाठीवरून फिरवायला. मी तो परत माझ्या मांडीवर ठेवला. माझ्या आख्ख्या संसारात एवढं कठीण काम मी दुसरं केलं नाही. माझा ह्या माणसावर जीव आहे. नसता तर किती सोपं झालं असतं.

हे जरा शांत झाल्यावर मी म्हटलं, सुजाताला सांगा. हे म्हणाले, तू सांग ना, तुला नीट सांगता येईल.

"नाही," मी म्हटलं. "माझं मी सांगेन. हे तुमचं आहे."

ह्यांनी फोन लावला. इतक्या सभा गाजवलेला माणूस, चार वाक्यं बोलायला पंधरा मिनिटं लागली. पण बोलले. रक्त म्हणाले. मग फोन माझ्याकडे दिला आणि आत गेले. त्यानंतर ह्यांनी कुठे भाषण केलेलं नाही. लोक मला वाटेत थांबवून विचारतात, सर हल्ली बोलत का नाहीत? मी सांगते, त्यांनाच विचारा.

सुजाता फोनवर म्हणाली, "आई, तू का खोटं बोललीस?"

मला बनवून काही सांगता आलं असतं. नाही सांगितलं. म्हटलं, मला कॅन्सर आहे हे त्या खोलीत मला नुकतंच कळलं होतं, आणि माझ्या मनात पहिलं आलं ते एवढंच, की ह्या परक्या बाईसमोर ह्यांची मान खाली जाऊ नये. मी जगते का मरते, हे नंतर आठवलं. रिक्षात बसल्यावर.

ती रडायला लागली. मी रडले नाही. मला एकदम वेगळीच भीती वाटली. मी विचारलं, सुजा, तुला काही झालं तर डॉक्टरकडे कोण जातं?

ती हसल्यासारखं करून म्हणाली, अगं, मला कुठे बँकेतून सुट्टी मिळते. पाळीत फार जातं मध्येमध्ये, पण प्रशांत येताना गोळ्या घेऊन येतो.

मी बॅग भरली. हे म्हणाले, मीही येतो. मी म्हटलं, नको. दुसऱ्या दिवशी पुण्याला पोचले. प्रशांतशी, जावयाशी, नमस्कार-चमत्कार झाले, चहा झाला, आणि सुजाताला हाताला धरून मी तिथल्या लेडी डॉक्टरकडे नेलं. नंबर आला तेव्हा ती सवयीने माझ्याकडे बघायला लागली, आत चल ना म्हणून. मी बाकावरच बसून राहिले. म्हटलं, तू जा, तुझं तू सांग.

ती आत गेली आणि दार लागलं. आतलं बाहेर काही ऐकू येत नव्हतं. वीस मिनिटांनी ती बाहेर आली, डोळे पुसलेले होते. ती काय बोलली ते मी विचारलं नाही.